सोमवार मोकळा सोडू नका : मेजर लीग बेसबॉलच्या आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. रॉब मॅनफ्रेड,
आयुक्त, मेजर लीग बेसबॉल, न्यू यॉर्क
(प्रत : मेजर लीगमधील खेळाडूंची संघटना)

स. न. वि. वि.

२९ सप्टेंबर २०२५ चा सोमवार तुम्ही फुकट घालवलात, ही माझी तक्रार आहे.

त्या दिवशी मेजर लीगमध्ये एकही सामना नव्हता. आदल्या रविवारी १६२ सामन्यांचा हंगाम संपला, मंगळवारी वाइल्ड कार्ड फेरी सुरू झाली, आणि मधला दिवस कोरा गेला. खरं तर त्या दिवशी करण्यासारखं भरपूर होतं. न्यू यॉर्क मेट्स आणि सिनसिनाटी रेड्स या दोघांचेही ८३ विजय आणि ७९ पराभव झाले होते आणि बाद फेरीत जागा एकच उरली होती. डेट्रॉइट टायगर्स आणि ह्यूस्टन ॲस्ट्रोज दोघेही ८७-७५ वर होते, तिथंही जागा एकच. रेड्स आणि टायगर्स आत गेले, मेट्स आणि ॲस्ट्रोज घरी गेले, आणि ते ठरवायला एक चेंडूही टाकावा लागला नाही. २०२२ पूर्वीचा नियम असता, तर त्या सोमवारी दोन शहरांत दोन सामने झाले असते.

मी मेट्सचा, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी शोधून काढायला नको. पण ॲस्ट्रोजशी माझं काही देणंघेणं नाही, आणि त्यांच्या बाबतीतही मला हेच म्हणायचंय.

तुम्हाला नियम पाठ आहेत. पण पत्र खुलं आहे आणि वाचणारे बरेचसे क्रिकेटवर वाढलेले आहेत, तेव्हा थोडक्यात सांगतो. मेजर लीगमध्ये ३० संघ. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन डिव्हिजन आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये पाच संघ. २०२२ पासून प्रत्येक लीगमधले सहा संघ बाद फेरीत जातात. डिव्हिजन जिंकणाऱ्या तिघांना पहिलं ते तिसरं मानांकन मिळतं. उरलेल्यांत सर्वांत जास्त विजय असलेले तिघे वाइल्ड कार्डवाले, त्यांना चौथं ते सहावं. पहिल्या दोघांना पुढे चाल. तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी खेळतो, तीन सामन्यांची मालिका, आणि तिन्ही सामने वरच्या मानांकनाच्या मैदानावर. त्यातले विजेते पहिल्या दोघांना भिडतात, पाच सामन्यांत. मग सात सामन्यांची लीगची अंतिम मालिका, मग सात सामन्यांची वर्ल्ड सिरीज. डिव्हिजनचा विजेता कमी विजय असूनही वाइल्ड कार्डवाल्याच्या वर बसतो. २०२२ मध्ये १०१ विजयांचे मेट्स चौथे होते आणि ९३ विजयांचे सेंट लुई कार्डिनल्स तिसरे. हे मला पटतं की नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय.

आता बरोबरीचं. आपल्याकडे बरोबरी म्हटली की नेट रन रेट. आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात घरोघरी त्याची गणितं मांडली जातात. बेसबॉलमध्ये ते चालत नाही, आणि न चालणंच योग्य. प्रत्येक इनिंगच्या वरच्या भागात पाहुणे बॅटिंग करतात, खालच्या भागात यजमान, आणि यजमान संघ आघाडीवर असेल तर शेवटच्या, नवव्या इनिंगचा त्याचा अर्धा भाग खेळलाच जात नाही, म्हणजे धावा मोजायला दोघांना सारखी संधीच नसते. शिवाय सामना बारा धावांनी हातचा गेला की मॅनेजर चांगले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, राखून ठेवतो आणि एखाद्या फिल्डरलाच पिचिंगला उभं करतो. त्या धावांवरून कुणाचा हंगाम ठरवायचा नसतो, हे तुमच्या लोकांना फार पूर्वी कळलं आहे.

तुम्ही बघता ते आपसातले सामने. दोन संघ वर्षभरात एकमेकांशी जितके खेळले, त्यांत ज्याचे विजय जास्त तो पुढं. तेही सारखे निघाले तर आपापल्या डिव्हिजनमधली कामगिरी. मग लीगमधल्या बाकीच्या डिव्हिजनविरुद्धची. तरीही सुटलं नाही तर लीगअंतर्गत सामन्यांचा उत्तरार्ध घ्यायचा, आणि फरक पडेपर्यंत एकेक सामना मागं सरकत जायचं.

दिसायला हे चोख आहे. एकाच डिव्हिजनमधल्या दोन संघांसाठी तर ते न्याय्यही आहे. २०२२ मध्ये मेट्स आणि अटलांटा ब्रेव्ह्ज दोघेही १०१-६१ वर थांबले. आपसातले १९ सामने झाले होते, त्यांत ब्रेव्ह्ज १०, आम्ही ९. त्यातही हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात अटलांटात त्यांनी आम्हाला सलग तीनदा हरवलं. डिव्हिजन त्यांचं झालं, मी गप्प बसलो. २०२५ मध्ये टोरंटो ब्लू जेज आणि न्यू यॉर्क यांकीज दोघेही ९४-६८. आपसातल्या तेरा सामन्यांत टोरंटोचे ८ विजय. जुलैच्या सुरुवातीला टोरंटोत यांकीज ओळीनं चार हरले होते, तेव्हा त्यांना तक्रारीला तोंडच नव्हतं. टोरंटोला पहिलं मानांकन आणि पुढे चाल मिळाली, यांकीजना बॉस्टनशी वाइल्ड कार्ड खेळावं लागलं. ठीकच झालं. दोघेही आत होतेच, प्रश्न फक्त कोणत्या दारानं याचा होता.

अडतं ते दोन वेगळ्या डिव्हिजनमधल्या संघांचं आणि तेही एकाच जागेवर येऊन. २०२३ पासून तुम्ही वेळापत्रक बदललंत, प्रत्येक संघ उरलेल्या २९ च्या २९ संघांशी खेळू लागला. चाहता म्हणून मला ते आवडलं. पण त्यामुळं आपल्याच लीगमधल्या, पण दुसऱ्या डिव्हिजनमधल्या संघाशी वर्षाला सहा किंवा सात सामने, बस. दोन शहरांतल्या दोन मुक्कामांत ते उरकतात. १६२ सामने खेळून जे दोन संघ कणभरही वेगळे काढता आले नाहीत, त्यांना त्या सहा सामन्यांवरून वेगळं काढायचं. त्यातल्या एका मुक्कामात तुमचा पहिला पिचर खांदा धरून बसलेला असू शकतो, दुसऱ्यात त्यांचा. आणि सहाचे ३-३ झाले तर पुढची पायरी डिव्हिजनमधल्या कामगिरीची. म्हणजे नॅशनल लीग ईस्टमधले गुण आणि नॅशनल लीग सेंट्रलमधले गुण एका तागडीत. दहावीला एसएससीवाल्याचे आणि आयसीएसईवाल्याचे टक्के शेजारी मांडून अकरावीचा प्रवेश ठरवतात, तेव्हा आमच्याकडच्या आयाबाया काय बोलतात ते तुम्ही एकदा ऐकायला हवं.

मेट्स आणि रेड्स सहाच सामने खेळले, रेड्सनी चार जिंकले. संपलं.

त्या शेवटच्या रविवारी न्यू जर्सीत आमच्याकडे नवरात्राचा भोंडला होता. शाळेचं जिम भाड्यानं घेतलेलं, मध्ये पाटावर हत्ती, बायकामुलींचा फेर चाललेला, आणि भिंतीकडच्या खुर्च्यांवर आम्ही काही जण एका फोनवर मायामी आणि दुसऱ्यावर मिलवॉकी लावून बसलेलो. मेट्सना जिंकायचं होतं आणि रेड्सनी हरायला हवं होतं. रेड्स मिलवॉकीत ४-२ नं हरले, आमचं काम त्यांनी केलं. पण मायामीत पाचव्या इनिंगला, तिन्ही बेस भरलेले असताना, पीट अलोन्सोचा सणसणीत फटका थेट लेफ्ट फिल्डरच्या ग्लव्हजमध्ये गेला आणि आमच्या खुर्च्यांवर शांतता पसरली. मेट्स ४-० नं हरले. जूनच्या मध्यावर ४५-२४ अशी सबंध मेजर लीगमधली सर्वोत्तम कामगिरी असलेला संघ, आणि त्याचा हा शेवट. मागं खिरापत ओळखायचा गलका चालू होता. शेजारचा एक मित्र, नुकताच पुण्याहून आलेला, त्याला मी सांगत होतो की दोघेही हरले, दोघांचे विजय सारखेच, पण रेड्स आत आणि आम्ही बाहेर. तो म्हणाला, "मग दोघांची मॅच कधी आहे?"

मला सांगा, त्याला मी काय उत्तर द्यायचं होतं?

कारण मॅच असायची. याच दोन संघांची झालेलीही आहे. १९९९ मध्ये मेट्स आणि रेड्स असेच ९६-६६ वर अडकले, वाइल्ड कार्डच्या एका जागेसाठी. तेव्हाचे रेड्स रविवारी मिलवॉकीत पावसामुळं तासन्‌तास ताटकळले, रात्री उशिरा सामना जिंकून सिनसिनाटीला परतले आणि सोमवारी, ४ ऑक्टोबरला, १६३ वा सामना खेळायला उभे राहिले. पहिल्याच इनिंगला एडगार्डो अल्फॉन्झोनं दोन धावांचा होमरन मारला. नऊच्या नऊ इनिंग अल लायटर एकटा टाकत राहिला आणि त्यानं रेड्सना फक्त दोन हिट दिल्या. ५-० नं मेट्स आत. दुसऱ्याच दिवशी तो संघ ॲरिझोनात पुढची मालिका खेळला, आणि त्याच अल्फॉन्झोनं नवव्या इनिंगला ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना चार धावांचा होमरन, मारून तो सामनाही जिंकून दिला. रेड्सच्या गावात त्या रात्री लोक चिडले असतील, रडले असतील. पण आपला संघ मैदानात हरला हे त्यांना डोळ्यांनी दिसलं.

२००७ चं आठवा. कोलोराडो रॉकीज आणि सॅन डिएगो पाद्रेज, डेन्व्हरमध्ये, सोमवार १ ऑक्टोबर. तेराव्या इनिंगच्या वरच्या भागात पाद्रेजनी दोन धावा काढून ८-६ अशी आघाडी घेतली. खालच्या भागात पिचिंगला ट्रेव्हर हॉफमन, त्या काळात ज्याच्या हाती आघाडी दिली की लोक गाडी काढायला पार्किंगकडं निघत. रॉकीजनी त्याच्याविरुद्ध तीन धावा काढल्या, शेवटची मॅट हॉलिडेची, पोटावर घसरत. त्याचा हात होमप्लेटला, म्हणजे जिथं धाव पुरी होते त्या जागेला, लागला की नाही यावर आजही दोन्ही गावं भांडतात. रॉकीज तिथून थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले.

आणि २००८. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्याच संस्थेनं एक अन्याय किती सहज दुरुस्त केला ते यात दिसतं. शिकागो व्हाइट सॉक्स आणि मिनेसोटा ट्विन्स बरोबरीत. व्हाइट सॉक्सना बरोबरीपर्यंत पोचायलाच सोमवारी डेट्रॉइटविरुद्ध पावसानं राहिलेला एक सामना जिंकावा लागला. मंगळवारी १६३ वा. तो कुणाच्या मैदानावर, हे तेव्हा नाणं उडवून ठरायचं! आपसातले १८ पैकी १० सामने ट्विन्सनी जिंकले होते, पण नाणं पडलं शिकागोच्या बाजूनं. काळे कपडे घालून आलेल्या शिकागोकरांसमोर जिम टोमीच्या एकाच होमरनवर १-० असा निकाल लागला. ट्विन्सची एकमेव खरी संधी पाचव्या इनिंगला, सेंटर फील्डमधून केन ग्रिफी ज्युनियरच्या थ्रोनं होमप्लेटवर संपली. मिनेसोटात ओरड झाली, आणि पुढच्याच वर्षी तुम्ही नाणं काढून टाकलंत. आपसातल्या सामन्यांत जो पुढं, त्याच्या घरी सामना. २००९ मध्ये ट्विन्स पुन्हा बरोबरीत, या वेळी डेट्रॉइटशी, आणि सामना मिनेसोटात. तोही मंगळवारी, कारण सोमवारी त्याच छताखाली अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. बाराव्या इनिंगला ट्विन्स ६-५ नं जिंकले.

म्हणजे आपसातल्या सामन्यांना मान कसा द्यायचा, याचं उत्तर तुमच्याकडं २००९ पासूनच होतं. मैदान द्या, आपल्या माणसांसमोर शेवटच्या वेळी बॅटिंगचा हक्क द्या. सबंध जागा देऊन टाकू नका.

२०२२ च्या मार्चमध्ये मालकांनी खेळाडूंवर लादलेली ९९ दिवसांची टाळेबंदी संपवताना तुम्ही आणि खेळाडूंच्या संघटनेनं जो करार केला, त्यात बाद फेरीतले संघ दहाचे बारा झाले आणि १६३ वा सामना गेला. कारण समजण्यासारखं आहे. वाइल्ड कार्डचा एकेक सामना जाऊन तिथं तीन सामन्यांच्या मालिका आल्या, ऑक्टोबर आखडला, टीव्हीवाल्यांना तारखा आधी हव्यात. पण सोमवार राहिलाच की. २०२४ मध्ये तो वापरून तुम्हीच दाखवलंत. हेलेन वादळामुळं राहिलेले मेट्स-ब्रेव्ह्जचे दोन सामने तुम्ही हंगाम संपल्यावर, ३० सप्टेंबरच्या सोमवारी, अटलांटात एकापाठोपाठ एक खेळवलेत. त्यातला पहिला ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. मेट्स आठव्या इनिंगपर्यंत ३-० नं मागं, मग सहा धावा, मग ब्रेव्ह्जच्या चार, आणि नवव्याला फ्रान्सिस्को लिंडोरचा होमरन, ८-७. दुसरा ब्रेव्ह्जनी ३-० नं जिंकला. रात्री दोन्ही संघ विमानात बसले आणि मंगळवारी मेट्स मिलवॉकीत, ब्रेव्ह्ज सॅन डिएगोत खेळले. २०१८ मध्ये तर रॉकीज सोमवारी लॉस एंजेलिसमध्ये १६३ वा हरले आणि मंगळवारी शिकागोत तेरा इनिंग खेळून कब्सना २-१ नं घरी पाठवून आले. तेव्हा "संघ दमतील, प्रवास जमणार नाही" हे मला सांगू नका. दमतील. बरोबरीत आलात तर तेवढी किंमत मोजा, पुढचा प्रतिस्पर्धी त्याचा फायदा घेईल, त्याचं काय एवढं?

एक गोष्ट मला मान्य करायलाच हवी. त्या २०२४ च्या सोमवारानंतर मेट्स, ब्रेव्ह्ज आणि ॲरिझोना डायमंडबॅक्स असे तिघे ८९-७३ वर आले आणि जागा दोन होत्या. तिघांची बरोबरी एका दिवसात खेळून सुटत नाही. तिथं तुमचं गणित राहू द्या. आपसातल्या सामन्यांवर ॲरिझोना दोघांच्याही मागं होतं, ते बाहेर गेलं. तरी मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. त्यांना हवं होतं की दोन्ही सामने एकाच संघानं जिंकावेत. पहिला जिंकून आमची जागा पक्की झाली होती, दुसऱ्यात आम्हाला जीव तोडून खेळायचं कारणच उरलं नव्हतं. अशा संघाच्या हाती दुसऱ्याचा हंगाम गेला.

दक्षिण कोरियाकडं एकदा बघा. तिथल्या केबीओ लीगमध्ये २०१९ ला डूसान बेअर्स आणि एसके वायव्हर्न्स दोघांचे ८८ विजय, १ अनिर्णित, ५५ पराभव. आपसातल्या सामन्यांत डूसान ९-७ नं पुढं, म्हणून पहिला क्रमांक त्यांचा आणि थेट अंतिम मालिकाही त्यांची. तुमचाच आजचा नियम. कोरियनांना तो पचला नाही. २०२० पासून त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीसाठी एक जादा सामना ठेवला. २०२१ मध्येच तो लागला, केटी विझनं सॅमसंग लायन्सला १-० नं हरवलं आणि पुढं विजेतेपदही घेतलं. मग त्यांनी पाचव्या, म्हणजे आत येण्याच्या शेवटच्या जागेसाठीही हीच सोय केली. २०२४ मध्ये केटी आणि एसएसजी लँडर्स तिथं अडकले, आठव्या इनिंगला मेल रोहास ज्युनियरनं तीन धावांचा होमरन मारला आणि केटी ४-३ नं आत. तुम्ही सामना काढून गणित आणलंत, त्याच काळात त्यांनी गणित काढून सामना आणला. त्याच २०१९ मध्ये आम्हा क्रिकेटवाल्यांनी लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना चौकार-षटकार मोजून निकाली निघताना पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयसीसीनं तो नियम काढला. आयसीसीला जे तीन महिन्यांत जमलं, ते तुम्हाला जमायला हरकत नसावी. (हे वाक्य लिहिताना माझ्या क्रिकेटवेड्या नातेवाइकांना हसू येणार, हे मला ठाऊक आहे.)

तेव्हा मागणी एवढीच. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. पगाराच्या मर्यादेवरून तुमची आणि संघटनेची काय जुंपायची ती जुंपेल, त्यात मला पडायचं नाही. पण टेबलावर एक कलम ठेवा : बरोबरीत दोनच संघ असतील आणि त्यातला एकच आत जाणार असेल, तर सोमवारी १६३ वा सामना, आपसातल्या सामन्यांत सरस असलेल्याच्या मैदानावर. डिव्हिजनचं विजेतेपद, मानांकनाची वरखाली, तिघांचा गुंता, हे सगळं आज आहे तसं राहू द्या. मालकांना एका सामन्याची तिकिटं मिळतील, वाहिन्यांना एरवी रिकाम्या जाणाऱ्या दिवशी सामना मिळेल, तेव्हा पैशाच्या बाजूनंही कुणी नाक मुरडू नये. ३२ संघ करून डिव्हिजनची फेरमांडणी करायचं तुम्ही बोलत असता. ती झाली तर दुसऱ्या डिव्हिजनमधल्या संघांशी होणारे आपसातले सामने वाढतील असं काही मला दिसत नाही, आणि मग अडीचशे मैलांवरच्या किंवा अडीच हजार मैलांवरच्या कुठल्यातरी संघाशी मे महिन्यात हरलेला एक सामना सप्टेंबरात आडवा येईल.

संघटनेला वेगळं सांगायला नको, पण प्रत पाठवतोय म्हणून लिहितो : १६३ व्या सामन्यातली प्रत्येक हिट आणि प्रत्येक धाव नियमित हंगामाच्या आकड्यांत धरली जात होती. तेही कलमात तसंच राहू द्या. २००७ मध्ये हॉलिडेनं १३७ धावा आत आणून फिलाडेल्फियाच्या रायन हॉवर्डला एका धावेनं मागं टाकलं, ते त्या जादा सामन्यामुळंच.

उत्तराची वाट पाहतो. इंग्रजीत दिलंत तरी चालेल.

आपला,
न्यू जर्सीतला एक मराठी मेट्सवाला